ओटीपी लेहला, काम नागपुरात: एका कर सल्लागाराच्या सहलीचे प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरच्या धंतोलीत दोन खोल्यांचे कर सल्लागाराचे कार्यालय आहे. ते चालवणाऱ्या बाईंना अशील, शेजारी, चहावाला, सगळेच मॅडम म्हणतात, म्हणून इथेही त्या मॅडमच. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नियम, तारखा आणि घटनांचा क्रम तसाच आहे. हाताशी बी.कॉम. झालेला एक सहायक. अशील साठेक: इतवारीतले किराणा-धान्याचे ठोक व्यापारी, गांधीबागेतले कापडवाले आणि बुटीबोरीच्या तीन प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या. अशा छोट्या कार्यालयांचे संगणक, नेट आणि बॅकअप सांभाळणे हा माझा धंदा. या प्रकरणात मी सल्ला द्यायला होतो, निर्णय मॅडमचे आणि त्यांच्या घरच्यांचे.

गोष्ट जून २०२४ ची. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पुण्या-मुंबईची पोरे दप्तर घेऊन पावसात भिजत असतात तेव्हा आपल्याकडे कूलरमध्ये पाणी भरणे चालू असते. त्यामुळे मास्तरकीच्या घरातला नागपूरकर मोठी सहल जूनच्या मध्यात काढतो. मॅडमचे यजमान कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतात, म्हणून ते इथे सर. ते, मॅडम, मुलगा आणि नणंद असे चौघे लेह-लडाखला निघाले होते. रविवार १६ जूनला नागपूरहून दिल्ली, १७ ला पहाटेच्या विमानाने लेह, २३ ला परत.

कर सल्लागाराच्या पंचांगात हा आठवडा वाईट. १५ जून अग्रिम कराच्या पहिल्या हप्त्याची तारीख, २० जून मे महिन्याच्या जीएसटीआर-३बी ची, म्हणजे जीएसटीच्या मासिक विवरणपत्राची. साठांपैकी दरमहा थ्री-बी भरणारे २६ होते, बाकीचे तिमाही पद्धतीत. हे २६ आधीच उरकून टाकू म्हटले तरी जमत नाही. खरेदीवरची करवजावट ज्यावरून घ्यायची ते पोर्टलवरचे टू-बी नावाचे विवरण १४ तारखेला तयार होते, आणि इतवारीचा व्यापारी वीस तारखेच्या आधी कराचा पैसा सोडत नाही. त्याचेही बरोबरच आहे, पाच दिवस रोकड हातात राहते.

अडचण

मंगळवारी ११ तारखेला मॅडमचा फोन आला. प्रश्न साधा होता: "तिकडे नेटसाठी डोंगल घेऊ का?" लॅपटॉप सोबत न्यायचा, रात्री हॉटेलात बसून कामे उरकायची, असा बेत.

मी विचारले, सिम प्रीपेड की पोस्टपेड? चौघांचीही प्रीपेड. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमे जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाहीत. सुरक्षेच्या कारणावरून हे जुने बंधन आहे. पोस्टपेड चालतात. यात रेंजचा संबंध नाही. लेहच्या बाजारात टॉवरखाली उभे राहिले तरी नागपूरचे प्रीपेड सिम मुके. डोंगलमध्येही प्रीपेड सिमच घालणार असाल तर तेही तसेच. सहल कंपनीच्या पत्रकात ही ओळ होती म्हणे, पण औषधे, गरम कपडे आणि ऑक्सिजनच्या मजकुरात ती कोणी वाचली नव्हती.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असते. खरी गाठ पुढे होती, आणि ती मला त्यांच्या कार्यालयात अर्धा तास बसल्यावर दिसली. सहायक संगणकावर विवरणपत्र भरतो, शेवटी ओटीपी मागवतो आणि मान वर न करता म्हणतो, "मॅडम, ओटीपी." पलीकडच्या टेबलावरून मॅडम मोबाइल उचलून सहा आकडे वाचतात. कारण जीएसटी पोर्टलवर बऱ्याच अशिलांच्या नावापुढे नोंदलेला मोबाइल मॅडमचाच. छोट्या व्यापाऱ्यांच्या बाबतीत हे सर्रास चालते. नोंदणीच्या दिवशी व्यापारी म्हणतो, "तुमचाच नंबर टाका ना मॅडम, मले कुठं समजते त्यातलं," आणि तो पुढे वर्षानुवर्षे तसाच राहतो.

म्हणजे मॅडम लेहमध्ये नेटविना राहिल्या असत्या तर त्यांची गैरसोय झाली असती. त्यांचा नंबर मुका झाला असता तर नागपुरात बसलेल्या, उत्तम ब्रॉडबँड असलेल्या सहायकाचे काम अडले असते. नेट हवे होते लेहला, पण त्याहून जास्त गरज होती ती ओटीपी नागपुरात पोचण्याची. डोंगलच्या प्रश्नात हे कुठेच नव्हते.

मी एका कागदावर २६ नावे लिहायला लावली आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी: नोंदलेला मोबाइल कोणाचा, नोंदलेला ईमेल कोणाचा, सही ओटीपीवर की डिजिटल टोकनवर, म्हणजे संगणकाला लावायच्या पेनड्राइव्हसारख्या सहीच्या चावीवर. तीन कंपन्या टोकनवाल्या, कारण कंपन्यांना ते सक्तीचे. पाच जणांचा मोबाइल त्यांचा स्वतःचा. उरलेल्या १८ जणांचा मॅडमचा. विवरणपत्राचा ओटीपी मोबाइलवर आणि ईमेलवर, दोन्हीकडे जातो. १८ पैकी ११ जणांचा ईमेल कार्यालयाचाच निघाला. सहायक आजवर उगाच ओरडत होता. ओटीपी त्याच्यासमोरच्या संगणकावरही येत होता, कोणी उघडून पाहिले नव्हते. राहिले सात. त्यांचे ईमेल जुन्या मुनिमाचे, पुतण्याचे, किंवा पासवर्ड कोणालाच आठवत नाही असे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांच्या मनात येतो तो: लेहला गेल्यावर तिथलेच सिम घ्यायचे. पर्यटकांना ते मिळते, पण चालू व्हायला किती वेळ लागेल हे दुकानावर आणि त्या दिवसावर. शिवाय त्यावर नेट मिळेल, जुन्या नंबरचा ओटीपी नाही. आपल्या प्रकरणात हा अर्धाच उपाय.

दुसरा, हॉटेलचे वाय-फाय. लेहमधली बरीच हॉटेले ते देतात. वीज गेली किंवा डोंगरातली केबल कुठे तुटली की तेही जाते, आणि संध्याकाळी सगळे पर्यटक एकदम फोटो चढवायला बसतात. ओटीपीची अडचण इथेही तशीच.

तिसरा, मॅडमचा नंबर पोस्टपेड करणे. २०२१ पासून हे ओटीपीवर होते, सिम तेच राहते, कागद नव्याने द्यावे लागत नाहीत. अडचणी दोन. एकदा बदलले की ओटीपीवर परत प्रीपेड व्हायला त्या वेळी ९० दिवस थांबावे लागे. आणि मार्चमध्येच वर्षभराचे रिचार्ज मारलेले होते, ते पाण्यात जाणार. सरांना दुसरी अडचण जास्त खुपली.

चौथा, दुसऱ्या कंपनीचे नवे पोस्टपेड घेणे, म्हणजे डोंगरात एकाची रेंज गेली तर दुसऱ्याची मिळेल. मी याच्या बाजूने होतो, पण मॅडमचा नंबर पोस्टपेड करून त्याच्या जोडीला, त्याऐवजी नाही.

पाचवा सहायकाने सुचवला: मॅडमचे सिम ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच भरलेले सिम) करून घ्यायचे, म्हणजे फोनमधली जागा मोकळी होईल आणि तिथे दुसरे सिम बसेल. कल्पना चांगली, वेळ चुकीची. सिम बदलले की पहिले २४ तास त्या नंबरवर एसएमएस येत नाहीत आणि जातही नाहीत. सिम-बदलाच्या फसवणुकीला आळा म्हणून दूरसंचार विभागाने हे बंधन घातले आहे. १५ तारखेला अग्रिम कर भरायचा असताना १४ ला हे केले असते तर बँकेचे ओटीपी बंद. प्रवासाच्या तोंडावर सिमला हात लावू नये. लावायचाच तर आठवडाभर आधी.

सहावा, सगळे सहायकावर सोपवून मॅडमने फोनच बंद ठेवायचा. नणंदेचे हेच मत होते, आणि ऐकायला सोपे वाटले तरी ते सगळ्यात शहाणपणाचे होते. पण टू-बी आणि खरेदीच्या वहीत फरक निघाला तर किती वजावट घ्यायची, हा निर्णय मॅडमला स्वतःच्या हातात हवा होता. व्यापारीही सहायकाचे तितके ऐकत नाहीत.

घरच्या व्हॉट्सॲप गटावर कोणा काकांनी सॅटेलाइट फोन सुचवला. विनापरवाना सॅटेलाइट फोन बाळगणे आपल्याकडे गुन्हा आहे. तेही लडाखच्या सीमाभागात! तो विषय तिथेच थांबवला.

काय ठरले, काय केले

बुधवारी १२ ला मॅडमचा नंबर पोस्टपेड केला. जुना नंबर सरांच्या नावावर होता, म्हणून सीताबर्डीच्या दुकानात दोघांना जावे लागले आणि रिचार्जच्या पैशांवरून जे काय बोलणे व्हायचे ते काउंटरवरच झाले. सिम तेच राहिले. परत आल्यावर बँकेचा एक आणि जीएसटी पोर्टलचा एक ओटीपी मागवून पाहिला, दोन्ही आले. दुकानात "झालं" म्हणतात आणि प्लॅन रात्री चालू होतो, असे मी बरेच पाहिले आहे.

दुसरे पोस्टपेड घेतले नाही. सर म्हणाले, "एक नंबर चालू आहे ना, बाकीचे हॉटस्पॉटवर." या वाक्याची किंमत पुढे येईल.

त्याच दिवशी सहलीचा क्रम बदलला. मूळ बेतात १७-१८ लेहमध्ये विश्रांती, १९-२० नुब्रा, २१ पँगाँग तळे, २२ लेह असे होते. म्हणजे वीस तारीख नुब्रा खोऱ्यात. तिथल्या दिस्कित-हुंदर गावांत नेटवर्क असते, पण खर्दुंग ला ही खिंड ओलांडून जाता-येताना लांबलांब टापू कोरे आहेत. मॅडमला वीस तारखेला लेह सोडायचे नव्हते. नवा क्रम: १७ ते २० मुक्काम लेहमध्येच, मधे १९ ला सिंधू-झंस्कार संगम आणि अल्चीची बाजू, २१ ला नुब्रा, २२ ला परत. पँगाँग कापला. मुलगा दोन दिवस बोलत नव्हता.

गुरुवारी १३ ला ते सात अशील. त्यांच्या नोंदीतला मोबाइल बदलून व्यापाऱ्याचा स्वतःचा टाकायचा ठरले. या बदलाला अधिकाऱ्याच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही, ओटीपीवर होतो. पण माणसाला पटवावे लागते. इतवारीतल्या एका डाळीच्या व्यापाऱ्याने सहायकाला फोनवर जे ऐकवले ते तसेच देतो: "काहून बावा, बँकवाले म्हणते ओटीपी कोणालेच सांगू नका, पेपरात येते, टीव्हीवर येते, अन तुम्ही म्हणता वीस तारखेले फोन आला का सांगून द्या?" त्याचा मुद्दा बिनतोड होता. उत्तर असे काढले की सहायक आधी कार्यालयाच्या लँडलाइनवरून फोन करेल, विवरणपत्राची रक्कम सांगेल, व्यापाऱ्याने ती आपल्या वहीशी जुळवून मगच आकडे द्यायचे. डाळवाल्याला ते पटले. उलट त्याने पहिल्यांदाच आपले विवरणपत्र किती रकमेचे जाते ते विचारले.

तीन कंपन्यांची टोकने मॅडमच्या टेबलाच्या खणात होती. दुसऱ्याच्या सहीचे टोकन असे ठेवणे मला कधीच पटलेले नाही, प्रवास असो वा नसो. ती परत दिली, आणि सहायकाने बुटीबोरीला जाऊन संचालकांसमोर विवरणपत्रे भरायची असे ठरले.

कार्यालयाच्या ईमेलची सोयही करून ठेवली. तो खात्याच्या सुरक्षेसाठी मॅडमच्या फोनशी जोडलेला होता. नव्याने लॉगिन केले की फोनवर "तुम्हीच आहात का" असे विचारतो. संगणक कधी लॉगआउट झाला तर? गूगल अशा वेळेसाठी आठ-आठ आकड्यांचे दहा राखीव कोड देते, एक कोड एकदाच चालतो. ते छापून पाकिटात बंद करून कपाटात ठेवले.

बोलण्याच्या वेळा ठरल्या: सकाळी नऊ आणि रात्री आठ. त्या दोन वेळांना मॅडम रेंजमध्ये राहतील, मधल्या वेळेत सहायकाने वाट पाहायची नाही. आणि नेट नसेल तर साधा फोन, तोही नसेल तर साधा एसएमएस. फरकाच्या प्रकरणांना क्रमांक दिले, म्हणजे "४ टू-बी प्रमाणे, ६ थांबा" एवढ्या मजकुरात निर्णय कळेल.

मी शुक्रवारी एक रंगीत तालीम मागितली होती. मॅडमचा फोन अर्धा दिवस खणात ठेवायचा आणि सहायकाने त्यांच्याशिवाय चार-पाच विवरणपत्रे पार करायची. टू-बी त्याच दिवशी आलेले, अग्रिम कराची धावपळ. एकाच अशिलावर तालीम झाली, ती नीट झाली, आणि सगळ्यांनी मान डोलावली. निघेपर्यंत २६ पैकी नऊ भरून झाले होते, सतरा बाकी.

बॅगेतली तयारी थोडक्यात: २०,००० एमएएचची एक पॉवर बँक, हातातल्या सामानात, कारण विमानात ती चेक-इन बॅगेत चालत नाही. साधारण ७४ वॅट-तासांची होते, म्हणजे १०० च्या मर्यादेत. लेह आणि नुब्राचे नकाशे आधीच उतरवून ठेवले. परवाने आणि तिकिटे कागदावर छापली.

प्रवासात काय घडले

१७ ला लेहच्या विमानतळावर मॅडमचा फोन चालू होताच मेसेज आले. बाकी तिघांच्या फोनवर नेटवर्कच्या जागी फुली. पहिला दिवस हॉटेलात पडून. साडेतीन हजार मीटरवर एकदम उतरल्यावर दुसरे काही करूही नये. मॅडमचे डोके दुखत होते, रात्री आठचा फोन त्यांनी दोन मिनिटांत संपवला.

त्याच रात्री नागपुरात वादळी पाऊस झाला आणि धंतोलीतली वीज गेली. १८ ला सकाळी कार्यालयाचा संगणक चालू केला तर ईमेलमधून बाहेर पडलेला. सहायकाने पासवर्ड टाकला, खात्याने मॅडमच्या फोनवर विचारणा पाठवली. मॅडम तेव्हा झोपलेल्या, फोन बंद करून चार्जिंगला लावलेला. नऊ अजून वाजायचे होते. पोराने मला फोन केला, मी पाकिटाची आठवण दिली, त्याने कोड टाकला, काम सुरू. अकरा अशिलांची विवरणपत्रे ज्या ईमेलवर उभी होती तो पाच मिनिटांत परत मिळाला. एका कागदाने वाचवलेला वेळ म्हणून मी हे हल्ली प्रत्येक अशिलाला सांगतो.

दुसरा प्रसंग त्याच संध्याकाळी, लेहच्या मुख्य बाजारात. सर आणि मुलगा जॅकेट बघायला एका गल्लीत शिरले, मॅडम आणि नणंद सुक्या जर्दाळूंच्या बायकांकडे थांबल्या. गर्दीत चुकामूक झाली. दोघांच्याही फोनला नेटवर्क नाही, हॉटस्पॉट मॅडमच्या पर्समध्ये, म्हणजे पन्नास पावलांच्या पलीकडे त्यांचे फोन नुसते घड्याळ. सर दुकानदाराच्या फोनवरून लावायला गेले तर मॅडमचा नंबर पाठ नव्हता, तो त्यांच्या फोनमध्ये "घर" नावाने साठवलेला. तो उघडून, दुकानदाराच्या फोनवर आकडे मारून संपर्क व्हायला अर्धा तास गेला. नुकसान काही नाही, पण रात्री हॉटेलात त्या न घेतलेल्या दुसऱ्या पोस्टपेडवर बरेच बोलणे झाले. शिवाय चौघांचे नेट एका फोनवर, त्यामुळे तो संध्याकाळी सहालाच वीस टक्क्यांवर यायचा. थंडीत बॅटरी आणखी लवकर उतरते.

यूपीआयची मात्र सरांना सुखद गंमत वाटली. नेटवर्क नसलेल्या फोनवरूनही हॉटेलच्या वाय-फायवर पैसे जात होते. ॲप एकदा सिमशी जोडलेले असले की दरवेळी एसएमएस लागत नाही, सिम फोनमध्ये असले आणि नेट कुठूनही आले तरी चालते. फक्त ॲप काढून नव्याने टाकायचे नाही, कारण नवी जोडणी करताना त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो.

१९ ला दिवसभर अल्चीच्या बाजूला. वाटेत रेंज येत-जात होती. इकडे इतवारीच्या एका व्यापाऱ्याच्या टू-बीमध्ये दोन मोठी बिले दिसेनात. पुरवठादाराने आपले विवरणपत्र उशिरा भरलेले. व्यापाऱ्याला वजावट याच महिन्यात हवी होती आणि तो सहायकावर चढला होता. रात्री आठला मॅडमने लेहहून व्हॉट्सॲप उघडले तर संदेशापुढचे चक्र फिरतच राहिले. ठरल्याप्रमाणे एसएमएस गेला: "४ टू-बी प्रमाणेच. बाकी पुढच्या महिन्यात." मग साध्या फोनवर व्यापाऱ्याशी दोन मिनिटे बोलल्या. तो वैतागला, पण ऐकले. इथे नेटचा काही उपयोग झाला नाही. उपयोगी पडला तो चालू असलेला जुना नंबर आणि आधी दिलेले क्रमांक.

२० तारीख. पोर्टल शेवटच्या दिवशी रखडते, तसे रखडले. बुटीबोरीची तिन्ही विवरणपत्रे सहायकाने आदल्या दिवशीच जाऊन भरली होती. एका कापडवाल्याचे पैसे बँकेतून कटले आणि पोर्टलच्या खात्यात दिसेनात. असे होते, संध्याकाळी उशिरा दिसले. रात्री नऊपर्यंत एक सोडून सगळी पार.

ते एक, मोबाइल बदललेल्या सातांपैकी. व्यापारी भंडाऱ्याला लग्नात, फोन बंद. नोंदीतला ईमेल पुतण्याचा, पुतण्या म्हणतो पासवर्ड काका बदलून बसले. मोबाइल मॅडमचाच राहू दिला असता तर लेहहून ओटीपी सांगता आला असता! व्यापाऱ्याचा फोन २१ ला सकाळी लागला, विवरणपत्र गेले, एका दिवसाचे विलंब शुल्क ५० रुपये आणि किरकोळ व्याज. ५० रुपये मॅडमने स्वतः सोसले.

मॅडम त्या दिवशी लेहमध्येच होत्या, लॅपटॉप उघडून, सकाळपासून. पण एकही विवरणपत्र त्यांच्या लॅपटॉपवरून गेले नाही.

निर्णयांकडे पुन्हा पाहताना

पँगाँग कापण्याचा निर्णय १२ तारखेचा. तेव्हा कोणाचा ओटीपी कुठे जातो याची यादीच पूर्ण नव्हती. नंबर पोस्टपेड झाला, अकरा जणांचा ओटीपी कार्यालयाच्या ईमेलवर मिळतो हे कळले, सातांची सोय झाली. यानंतर वीस तारखेला मॅडमने लेहमध्ये असणे कितपत गरजेचे होते? माझ्या मते नव्हते. १९ रात्रीचा एक निर्णय सोडला तर त्यांच्यासाठी काही अडले नाही, आणि तोही एसएमएसवर झाला. आधी अर्ध्या दिवसाची तालीम, मग सहलीचा क्रम, असे झाले असते तर मुलाला तळे दिसले असते. पँगाँगकाठच्या स्पांगमिक गावात २०२२ पासून ४जी आहे, तेव्हा तिकडे गेल्या असत्या तरी अगदी तुटल्या नसत्या. मॅडम यावर अजून माझ्याशी सहमत नाहीत. त्या म्हणतात, लेहमध्ये असल्यामुळेच सहायक न घाबरता काम करू शकला. असेलही.

दुसऱ्या पोस्टपेडबद्दल मात्र दोन मते नाहीत. चौघांत दोन चालू नंबर, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांचे, आणि ते दोघे एकाच गल्लीत नसलेले. जोडीला एक कागद, ज्यावर सगळ्यांचे नंबर लिहिलेले. ज्या सरांनी पैसे वाचवले त्यांनीच बाजारात अर्धा तास घालवला, हा योगायोग म्हणू.

सातांच्या नोंदीत व्यापाऱ्याचा स्वतःचा मोबाइल घालणे तत्त्वाने बरोबरच. ज्याचा कर त्याच्याकडे ओटीपी. पण मोबाइल बदलला त्याच बैठकीत ईमेलही चालू असलेला घ्यायला हवा होता. दोन्ही वाटा एकाच माणसाच्या खिशात राहिल्या आणि तो माणूस लग्नाला गेला. बदल १३ ला न करता महिनाभर आधी झाला असता तर ११ तारखेच्या जीएसटीआर-१ ला, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्राला, त्याची आपोआप परीक्षाही झाली असती.

नऊ आणि आठच्या वेळा मी पुढेही सगळ्यांना सुचवतो. त्याने सहायकाला न विचारता काम करायची मुभा मिळाली, आणि मॅडमला दर पाच मिनिटांनी फोन काढायची सवय, निदान १९ तारखेपुरती, सुटली.

हेच प्रकरण परदेशातले असते तर मांडणी थोडी बदलली असती. तिथे भारतीय सिमवर रोमिंग चालू ठेवायचे पण त्याचा डेटा बंद, म्हणजे ओटीपीचे एसएमएस येत राहतात आणि बिल फुगत नाही. नेटसाठी दुसऱ्या जागेत तिथले सिम किंवा ई-सिम. आणि जवळच जायचे असेल, मेळघाटात किंवा पेंचला, तर पोस्टपेड-प्रीपेडचा प्रश्नच नाही, रेंज नाही एवढे गृहीत धरून अशिलांना आधीच कळवायचे.

नंतर

३ आणि ४ जुलैला मोठ्या कंपन्यांचे दर वाढले. मार्चमध्ये जुन्या दराने मारलेले वर्षाचे रिचार्ज सोडले त्याचा हिशेब सरांनी पुन्हा एकदा मांडून दाखवला. सप्टेंबरात ९० दिवस पुरे झाले, पण मॅडम प्रीपेडवर परत गेल्या नाहीत. सरांनीही दुसऱ्या कंपनीचे पोस्टपेड घेतले, कारण विचारल्यावर "ऑफर होती" म्हणाले. तिमाहीवाल्या अशिलांची तीच यादी, कोणाचा मोबाइल आणि कोणाचा ईमेल, सहायकाने जुलैच्या विवरणपत्रांच्या वेळी स्वतःहून केली. त्यात चौदा जणांपुढे अजून मॅडमचाच नंबर आहे. डाळवाला आता दर महिन्याला स्वतः फोन करतो, "किती रकमेचं हाय ते सांगा पहिले, मग ओटीपी."